चढावर थांबण्याची सोय

१४ जुलै २०२५, सोमवार. पेण.

आजपासून नोंदी ठेवणार. फक्त निरीक्षणं, भावना नाहीत. ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाने रोजनिशी लिहायची तर ती ऑब्झर्वेशन बुकसारखीच हवी.

कालची घटना. ठिकाण रोहा, सासुरवाडीची गल्ली. गल्ली चढाची आणि अरुंद. डावीकडे जांभ्या दगडाचा गडगा, उजवीकडे उघडं गटार. नवीन मोटरसायकलवर मी पुढे, सावनी मागे. अर्ध्या चढावर समोरून म्हैस आली म्हणून थांबलो. म्हैस गेली. पुन्हा निघायला ब्रेक सोडला आणि क्लच सोडणार, तेवढ्यात गाडी मागे जाऊ लागली. सावनी कधी उतरली कळलं नाही. मी एकटाच उलटा खाली येत राहिलो आणि पिठाच्या गिरणीच्या शटरला टेकलो. शटरला पोचा आला. गाडीला काही नाही. यावरून बिल्ड क्वालिटी दिसते.

सावनी वरून बघत होती. मी हात केला. तिने केला नाही. तिच्या हातात भाजीची पिशवी होती.

निष्कर्ष: गाडी उत्तम, चालक उत्तम. उणीव एकच. काही महाग गाड्यांना 'हिल होल्ड' असतो. चढावर ब्रेक सोडला तरी गाडी जागेवर धरून ठेवतो. माझ्या मॉडेलला तो नाही. तर बसवून घेऊ. त्यात एवढं काय.

१५ जुलै, मंगळवार

स्टाफरूममध्ये विषय काढला ही चूक. सगळ्यांचं एकच पालुपद. मागचा ब्रेक पायाने दाबून धर, क्लच हळू सोड, गाडी ओढायला लागली की ब्रेक सोड. हे मला माहीत नाही का? मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. माझा उजवा पाय चढावर जमिनीला टेकलेला लागतो. सीट उंच आहे, टाचा टेकत नाहीत, फक्त बोटं टेकतात. अशा वेळी माणसाला दोन्ही पाय लागतात. हा शरीररचनेचा प्रश्न आहे, ड्रायव्हिंगचा नाही.

हे एवढं महत्त्वाचं का, ते लिहून ठेवतो. एप्रिलमध्ये सासरे, म्हणजे नीलकंठअण्णा, बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. सावनी इथली गणिताची नोकरी बिनपगारी रजेवर टाकून रोह्याला गेली. तिथल्या एका शाळेत तात्पुरती जागा निघाली, ती तिने धरली. आता अण्णा काठी घेऊन बाजारात जातात. तरी सावनी तिथेच. कारण उघड आहे. तिला सामानासकट आणायला मी जायला हवं. त्यासाठी गाडी घेतली. आणि गाडी नेमकी तिच्या गल्लीत थांबत नाही. हिल होल्ड बसला की सावनी पेणला. इतकं सरळ आहे.

२० जुलै, रविवार

रोह्याला जाऊन आलो. ट्रेनने. पाऊस होता.

सावनी पडवीत बसून पेपर तपासत होती. तिला हिल होल्डचं सांगितलं. ती म्हणाली, "सुजय, मी गाडीमुळे इथे राहिलेली नाहीये." मी म्हटलं, अगदी बरोबर, दोष गाडीचा नाहीच, चढाचा आहे. तिने पेन खाली ठेवलं आणि शाळेबद्दल काहीतरी सांगायला लागली. हेडबाई, ऑगस्ट, असं काहीतरी. मी तेव्हा खिडकीतून कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेला खडा धरून गल्लीचा उतार मोजत होतो. चौदा अंश. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजला. चौदाच. तिला सांगितलं. तिने पेन उचललं.

अण्णांनी विचारलं, "सुजयराव, गाडी कुठाय?" सर्व्हिसिंगला, असं सांगितलं. खोटं नाही. सर्व्हिसिंगचा विचार चालू आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

मोठी प्रगती. जेकबकाका मिळाले.

मिळाले म्हणजे शेजारीच राहतात. आयुष्यभर नागोठण्याच्या कंपनीत मेंटेनन्सला होते. वॉल्व आणि पाइप हाच त्यांचा विषय. आता रिटायर. मुलगी डेबोरा लग्न होऊन इस्रायलला गेली, बाकीचे नातेवाईक त्याआधीच. पेणमध्ये त्यांच्या ज्यू समाजाची आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं. फ्लोराकाकूंना मुलीकडे जाऊन राहायचं आहे. काकांना इथे नेहमी काहीतरी काम असतं. सध्या नव्हतं.

त्यांना अडचण सांगितली. त्यांनी चष्मा पुसला. "ह्यात काय हाय," म्हणाले. "प्रेशर धरून ठेवायचं, एवढंच ना? कंपनीत आम्ही टाक्याच्या टाक्या धरल्यात."

बाहेर पाऊस, म्हणून काम आमच्या पुढच्या खोलीत करायचं ठरलं. ही खोली सावनीला गणिताच्या क्लाससाठी हवी आहे. दोन-तीन वर्षं म्हणते आहे. पण खोली रिकामी नव्हती. व्यायामाची सायकल, सोलर कुकर आणि मी अर्धवट जोडलेला पाण्याचा फिल्टर तिथे होता. आज ते सगळं हलवलं. बेडरूममध्ये, पलंगाच्या तिच्या बाजूला. तिथे सध्या जागा आहेच.

९ ऑगस्ट, शनिवार

पहिली चाचणी. साधी कल्पना. लाकडी ठोकळ्याला दोरी. चढावर थांबलं की ठोकळा मागच्या चाकामागे सोडायचा, निघताना दोरीने वर ओढायचा.

रामवाडीला हायवेवर चढणाऱ्या छोट्या रस्त्यावर गेलो. ठोकळा सोडला. गाडी थांबली. एकदम भिंतीसारखी. काकांनी माझ्याशी हात मिळवला. मग दोरी ओढली. ठोकळा उसळला, दोरी चेनमध्ये गेली, चेन जाम. मागे टेम्पोंची रांग. टेम्पोवाले जे बोलले ते तांत्रिक स्वरूपाचं नव्हतं.

घरापर्यंत ढकलत आणली. वाटेत काका म्हणाले, "मेकॅनिकल नको. हायड्रॉलिक करू." माझ्याही मनात तेच होतं.

१७ ऑगस्ट, रविवार

अंतिम आराखडा तयार. पुढच्या ब्रेकच्या तेलाच्या नळीत एक छोटा वॉल्व बसवायचा. ब्रेक दाबायचा, हॅन्डलवरचं बटण दाबायचं. वॉल्व बंद होतो, तेलाचं प्रेशर आत कोंडलं जातं. मग हात काढला तरी चाक धरलेलं. पुन्हा बटण दाबलं की प्रेशर सुटतं. किती सुंदर. वॉल्व ऑनलाइन मागवला.

फ्लोराकाकू चहा घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "सुजय, एक सांगते हां. हे काम संपू नये असंच वाटतंय ह्यांना. संपलं की विमानात बसायला लागेल." काका हसले. मीही हसलो. माणूस स्वतःला कसा फसवतो, याचं काका हे चांगलं उदाहरण आहे.

"आणि तुझी बायको कधी येतेय?" काकूंनी विचारलं. गणपतीला, मी म्हटलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती. सावनी परवा संध्याकाळी आली. मोठी बॅग घेऊन आली, वर दोन पिशव्या. दीड दिवसासाठी एवढं सामान. पण तिची पॅकिंगची पद्धतच तशी.

दारात थांबली. पुढच्या खोलीत गाडी उभी होती, खाली तेलासाठी ट्रे. मी म्हटलं, ये ना, कडेने येता येतं. ती बराच वेळ गाडीकडे बघत होती. वॉल्व नेमका कुठे बसणार, ते मी दाखवलं. एकही प्रश्न विचारला नाही. म्हणजे समजलं असणार.

या वर्षी गणपती स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी बसवला. आरास आटोपशीर झाली. फक्त फ्रिज उघडताना मूर्ती थोडी सरकवावी लागे. सावनीने मोदक केले, आरती म्हटली, जेकबकाका-काकूंना पान वाढलं. बेडरूममध्ये सोलर कुकरच्या पलीकडे झोपली. आज विसर्जन झाल्यावर ट्रेनने परत गेली. बॅग उघडलीसुद्धा नाही, लागतील ते कपडे पिशवीतून काढले. स्टेशनवर मी बॅग उचलून दिली. चांगलीच जड.

गाडी सुटताना म्हणाली, "सुजय, तुला काही विचारायचं नाहीये का मला?" मी विचार केला. म्हटलं, अण्णांकडे स्पॅनर सेट आहे का बघ. खिडकी पुढे गेली होती. ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

वॉल्व आला. बसवला. ब्रेकच्या नळीत हवा शिरली, ती काढायला अख्खा दिवस गेला. मी ब्रेक दाबायचा, काका खालचा छोटा नट ढिला करून हवा सोडणार, मग नट घट्ट, मग मी ब्रेक सोडायचा. काका प्रत्येक वेळी "होल्ड" आणि "रिलीज" असं कंपनीसारखं ओरडत होते. ब्रेकचं तेल पेट्रोलच्या टाकीवर सांडलं आणि रंग उडाला. डागाचा आकार साधारण मुरूड तालुक्यासारखा.

ब्रेक अजून लोण्यासारखा लागतो. काका म्हणाले, "बसेल हळूहळू."

सावनीला फोन केला. क्लास चालू आहे, नंतर करते, म्हणाली. कसला क्लास ते विचारायचं राहिलं. नंतर तिचा फोन आला, तेव्हा माझे हात तेलाचे होते.

२१ सप्टेंबर, रविवार

धरला.

रामवाडीच्या चढावर ब्रेक दाबला, बटण दाबलं, दोन्ही हात वर केले. गाडी जागेवर. मी तसाच हात वर करून बसलो होतो. पलीकडून एक ओळखीचे गृहस्थ गेले, त्यांना वाटलं कोणी लुटतंय. थांबून चौकशी केली.

सोडताना थोडी अडचण. बटण दाबूनही वॉल्व उघडेना. काकांनी स्पॅनरने हलकेच टकटक केलं, उघडला. पुन्हा केलं, पुन्हा टकटक. किरकोळ आहे. थांबणं हा मुख्य मुद्दा होता, तो साधला.

२८ सप्टेंबर, रविवार

सावनीचा फोन. पाडव्याला जेवायला ये, म्हणाली. "ट्रेनने ये. आणि वेळ काढून ये, मला बोलायचं आहे." मी म्हटलं, माझ्याकडेही एक सरप्राइज आहे. ती म्हणाली, "सुजय, सरप्राइज नको. नुसता ये."

ट्रेनने ये म्हणजे तिला अजून चढाची काळजी वाटते. बिचारी.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

गाडीला झेंडूचा हार. वॉल्वला वेगळं हळदकुंकू. काकांनी नारळ फोडू दिला नाही, पाणी वायरिंगवर उडेल म्हणाले.

स्टाफरूममध्ये कालच सांगून टाकलं, पाडव्याला सावनी परत येते आहे. दूधवाल्याला पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक पिशवी वाढवायला सांगितलं. गाडीला दोन्ही बाजूंना पत्र्याचे बॉक्स लावून घेतले. डावा सावनीच्या कपड्यांसाठी, रिकामा. उजव्यात काकांची हत्यारं.

आता मागे फिरणं नाही. सगळ्यांना सांगून बसलोय.

१८ ऑक्टोबर, शनिवार

फ्लोराकाकू आज गेल्या. एकट्या. तिकीट दोघांचं काढायचं चाललं होतं, पण काका म्हणाले, सुजयची गाडी कमिशन होऊन चालू झाल्याशिवाय साइट सोडता येत नाय. टॅक्सीत बसताना काकूंनी काकांच्या गोळ्या कुठे आहेत ते मला दाखवलं. सकाळची पांढरी, संध्याकाळची गुलाबी. काकांना विचारलं, "येताव का अजून? टॅक्सीत जागा हाय." काका टॅक्सीच्या टायरमधली हवा बघत होते.

टॅक्सी गेल्यावर म्हणाले, "येईल दोन महिन्यात. मी इथे असताना तिला तिथे काय करमणार?" मी म्हटलं, अर्थातच.

मग आम्ही वॉल्वच्या स्प्रिंगला तेल दिलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा. रोहा स्टेशन.

पेणची गाडी लेट आहे. लिहून काढतो. क्रमाने.

सकाळी निघालो. वडखळ, नागोठणे, भिसे खिंड. खिंडीत कुठेही थांबावं लागलं नाही, म्हणून काही अडचण आली नाही. रोह्यात गल्लीच्या तोंडाशी आलो. गिरणीवाल्याने मला ओळखलं. तो शटरच्या पुढे येऊन उभा राहिला.

चढायला लागलो. अर्ध्यावर एक बाई फराळाचं ताट घेऊन समोर आल्या. मला हेच हवं होतं. थांबलो. ब्रेक, बटण. गाडीने धरलं. हसून त्यांना म्हटलं, या, आरामात या. त्या गेल्या. बटण दाबलं. सुटेना. पुन्हा दाबलं. चावी बंद केली, चालू केली. सुटेना. उजव्या बॉक्समध्ये स्पॅनर होता, तो घ्यायला थोडा वळलो आणि गाडी उजवीकडे कलली. हत्यारांचं वजन त्याच बाजूला. उजवा पाय कसाबसा गटाराच्या कडेच्या दगडावर टेकवला. साइड स्टँड डावीकडे, तिथे पाय पोचेना. गाडी पुढे जाईना, मागे जाईना. उतरलो तर ती गटारात. हॅन्डल सोडलं तरी गटारात. म्हणून तसाच उभा राहिलो.

गल्लीत पाडव्याची वर्दळ. लोक गडग्याला पाठ घासत माझ्या बाजूने जात होते आणि प्रत्येक जण शुभेच्छा देत होता. मीही देत होतो.

अण्णा काठी टेकत खाली आले. "सुजयराव, वर या."

"येतोच."

"कधी?"

"प्रेशर उतरलं की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गटाराकडे, आणि वर जाऊन सावनीला पाठवलं.

ती आली. हिरवी साडी, हाताला बेसन लागलेलं. "उतर," म्हणाली. का उतरता येत नाही ते सांगितलं. "कोणाला हाक मारू?" मी म्हटलं, नको, लोक बघतील. तिने गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. सगळी गल्ली बघतच होती.

मग ती गडग्यावर बसली. माझ्या डाव्या हाताला, अगदी जवळ.

"म्हणजे आता तुला कुठे जाता येत नाही," ती म्हणाली.

"तात्पुरतं."

"मग ऐक. आणि मध्ये बोलू नकोस."

मी म्हटलं, वॉल्वची स्प्रिंग. ती म्हणाली, "सुजय." मी थांबलो.

ती जे बोलली ते आठवतं तसं लिहितो. ती म्हणाली, "ऑगस्टपासून शाळेने मला कायम केलं. होणार आहे हे मी तुला जुलैमध्येच सांगत होते. तू खिडकीत कोन मोजत होतास. संध्याकाळी अण्णांच्या पडवीत क्लास घेते. मुलं मावत नाहीत, पायरीवर बसतात. तरीसुद्धा गणपतीला मी राहायला आले होते. दीड दिवसासाठी नाही. ती बॅग सगळ्या कपड्यांची होती. म्हटलं, शाळेला सोमवारी नोकरी नको म्हणून कळवू, आधी एकदा घर बघू. दार उघडलं तर माझ्या खोलीत तुझी गाडी. तिच्याखाली ट्रे ठेवला होतास, तेल सांडू नये म्हणून. आणि आत गेले तर माझ्या उशीवर सोलर कुकर."

मी म्हटलं, उशीवर नाही, शेजारी.

"मी पेणला राहायला येणार नाही," ती म्हणाली. "भांडण नाही. तू वाईट नाहीस. यायचं तेव्हा इथे ये, जेव, बस. पण त्या घरात मला नुसतं उभं राहायलासुद्धा जागा नाही, आणि मी आता मागणार नाही."

मला खरं तर तेव्हा पुष्कळ बोलता आलं असतं. एरवी मी अशा वेळी बाहेर जातो, किंवा काहीतरी दुरुस्तीला घेतो. आज हात हॅन्डलवर. दोन्ही खांद्यांना कळ लागली होती आणि उजव्या पायाला मुंग्या. मान तेवढी वळत होती. ती तिच्याकडे वळवून ठेवली. तिच्या कानाशी केस पांढरे झालेत. कधी झाले माहीत नाही.

"पाणी हवं?" तिने विचारलं. हो म्हटलं. वर जाऊन तांब्या-भांडं घेऊन आली. माझे हात मोकळे नव्हते, म्हणून भांडं तिनेच ओठाला लावलं. थोडं शर्टावर सांडलं. पदराने टिपलं. एवढाच पाडवा. ओवाळलं नाही. मीही विचारलं नाही.

मग तिने माझ्या खिशातून फोन काढून काकांना लावला आणि माझ्या कानाला धरला. काका म्हणाले, ब्रेकजवळचा छोटा नट सोड, तेल जाईल आणि प्रेशर जाईल. "पण मग ब्रेक नाय हां तुला," असंही म्हणाले. सावनीने हाक मारून चार-पाच जण बोलावले. एकाने नट सोडला. बाकीच्यांनी गाडी मागून धरली आणि दोरी बांधून, थांबत थांबत, उलटी खाली नेली. मी बाजूने चालत होतो. गिरणीवाल्याने तिला शटरपासून लांब, भिंतीला लावून घेतलं.

जेवलो. श्रीखंड होतं. अण्णा पावसाबद्दल बोलले, मी पण बोललो. निघताना सावनीने फराळाचा डबा दिला. गाडी नेता येणार नाही म्हणून हातात घेतला.

गाडीची अनाउन्समेंट झाली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. पेण.

दुधाच्या दोन पिशव्या आल्या. एक जेकबकाकांना दिली.

काकांनी रात्रभर विचार केला होता. त्यांच्या मते स्प्रिंग नाही, सील फुगलं. दुसऱ्या प्रकारचा वॉल्व मिळतो, तो मागवू. आराखडा तयार होता. सावनीने काय सांगितलं ते मी त्यांना सांगितलं. सगळं, बॅगेसकट. ते कागदाची घडी करत राहिले.

"मग वॉल्व नको मागवू?" त्यांनी विचारलं.

नको म्हटलं.

"गाडी?"

आहे तिथे राहू दे सध्या.

ते उठले नाहीत. म्हणाले, "फ्लोराने फोन केलेला सकाळी. तिथे गच्चीवरून समुद्र दिसतो म्हणे." मी म्हटलं, मग. "मग काय नाय," म्हणाले. "दिसतो म्हणे." त्यांची पांढरी गोळी राहिली होती. ती मी आणून दिली.

स्टाफरूमला सुट्टी संपल्यावर काय सांगायचं ते ठरवायला हवं. चौदा अंशाचं सांगता येईल. उतार खरोखरच फार आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कॉलेज सुरू झालं. विचारलं सगळ्यांनी. सांगितलं, तिला तिकडे कायम नोकरी लागली. एक जण म्हणाला, अभिनंदन. मी थँक्यू म्हटलं.

संध्याकाळी सावनीला फोन केला. कारण होतं. गाडी न्यायला टेम्पो कधी पाठवू ते विचारायचं होतं. टेम्पो ठरवलेला नव्हता, पण विचारायला हरकत नव्हती. तिने उचलला. म्हणाली, "थांब हं, मुलं आलीत," आणि फोन कुठेतरी ठेवला. बंद केला नाही.

मी थांबलो.

चपला काढल्याचे आवाज. दप्तरं. मग सावनीचा आवाज, लांबून. पाव आणि अर्धा मिळवले तर किती, तिने विचारलं. एक मुलगा म्हणाला दोन षष्ठांश. कोणीतरी हसलं. सावनी हसली नाही. म्हणाली, बरं, कसं काढलंस ते सांग. तो सांगेना. ती गप्प राहिली. इतका वेळ गप्प, की लाइन गेली असं वाटून मी स्क्रीन बघितला. चालू होता. मग तो हळूहळू सांगायला लागला. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. सावनी म्हणाली, "हां. मला वाटलंच तू असं केलं असशील. आता एक भाकरी घेऊ." आणि तिने त्याला भाकरीचे तुकडे करायला लावले. तो मध्येच अडकला. ती पुन्हा थांबली. तो म्हणाला, पाऊण. आणि मग ती हसली. हे हसणं मी ओळखतो, पण फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

मी खुर्चीत बसून होतो. दिवा लावायचा राहिला होता. पुढचं उदाहरण मोठं होतं, मलाही तोंडी जमेना. कागद शोधत होतो.

एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा फोन चालू हाय."

आणि बंद झाला.